धडधड जात नाही म्हणून उपचार फसला? या चुका टाळा

अंधेरी सुटली की बऱ्याच फास्ट गाड्या थेट बोरिवलीला थांबतात. पॅनिक अटॅक येऊन गेलेल्या माणसाला मधलं ते अंतर कोंडून घातल्यासारखं वाटतं. अशा माणसाची उपचाराच्या पाच-सहा सेशननंतरची ठरलेली तक्रार असते, "सगळं स्वीकारतोय हो, पण धडधड काही जात नाही." घोळ याच वाक्यात आहे.

स्वीकारावर आधारलेल्या उपचारांतली सर्वांत परिचित पद्धत म्हणजे ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. १९८०च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेझ यांनी ती मांडायला सुरुवात केली. तिचं नाव ए-सी-टी असं सुटं न घेता 'ॲक्ट' असं घेतात, कारण भर कृतीवर आहे. धडधड असतानाही बोरिवली गाठता येणं, हे तिचं माप. (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी नेहमीची उपचारपद्धत, तिच्यापेक्षा ही सरस आहे असं मात्र नाही, थेट तुलनेत दोन्हींचा गुण साधारण सारखाच दिसतो.)

"स्वीकारलं, आता जा"

ही सर्वांत मोठी चूक. स्वीकार हा भीती घालवायचा नवा उपाय झाला की मन दर मिनिटाला तपासतं, गेली का? आणि तपासायचं म्हणजे तिच्याकडेच बघायचं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल पुन्हा पुन्हा डोक्यात आलं. धडधडीचंही तसंच.

म्हणून वहीत भीतीला ० ते १० गुण देणं बंद करा. त्याऐवजी दोन नोंदी ठेवा: ठरवलेलं केलं का, आणि भीतीशी किती झगडलो (० ते १०). पहिल्या काही आठवड्यांत दुसरा आकडा उतरला, तर धडधड तेवढीच असली तरी गाडी रुळावर आहे.

सोसणं म्हणजे स्वीकार नव्हे

दात आवळून, मुठी वळून प्रवास पार पाडणं हाही झगडाच. मुंबईकराला 'चालवून घ्यायची' सवय असल्याने हा फरक चटकन कळत नाही. जबडा सैल सोडा. धडधड नेमकी कुठे आहे, तिची कड कुठे संपते, ते अर्धा मिनिट बघा. मग डब्यातले आवाज ऐका. आणि स्वीकार आतल्या भावनेचा असतो. साहेबाचा जाच स्वीकारा असं कुठलाही शहाणा थेरपिस्ट सांगणार नाही.

विचाराशी वाद

"मी चक्कर येऊन पडणार" हा विचार खोडत बसू नका. "मी पडणार, असा विचार येतोय" एवढंच म्हणा. 'फजिती' हा शब्द ३० सेकंद भरभर म्हटला की नुसता आवाज उरतो, हा सरावही चांगला. फक्त तो घरी करून बघा, ऐन अटॅकमध्ये पहिल्यांदा नको.

उतरण्याची घाई

सरावासाठी दुपारी १२ ते ३ची वेळ बरी. आधी स्लो गाडीने अंधेरी ते जोगेश्वरी, मग गोरेगाव, मग फास्टने बोरिवली, आठवड्यातून तीन-चारदा. नियम एकच: उतरायचं ते ठरलेल्या स्टेशनवर, भीतीने सांगितलं तिथे नाही. मधेच उतरलात की तात्पुरता सुटकेचा श्वास मिळतो आणि मेंदू शिकतो, उतरलो म्हणून वाचलो. पाण्याची बाटली, सतत फोन, खिशातली गोळी यांचंही तेच. एकेक करून मागे ठेवा. पण रोजची लिहून दिलेली औषधं स्वतःहून सोडू नका. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम या चिंतेवरच्या गोळ्या एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते.

"शांत राहायचं" हे ध्येयही कुचकामी, ते मढ्यालाही जमतं. "महिन्यातून दोनदा बहिणीकडे बोरिवलीला जेवायला" हे चालेल.

छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, तर आधी रुग्णालयात जा. धडधडीमागे थायरॉइड किंवा रक्ताची कमतरताही असू शकते. जीव नकोसा वाटू लागला, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच फोन करा, तिथे मराठीतून बोलता येतं.

जुलैत पावसाने दोन आठवडे सराव तुटला, तर भीती परत येणारच. तेव्हा जोगेश्वरीपासून सुरुवात नको. जिथे थांबलात त्याच्या एक पायरी खालून धरा, म्हणजे बोरिवलीपर्यंत पोचला असाल तर गोरेगावपासून.