अँक्झायटीवर औषध आणि थेरपी एकत्र घेताय? या चुका टाळा

लोकलमध्ये चढण्याआधी अल्प्राझोलमची, म्हणजे घबराट लगेच दाबणाऱ्या औषधाची, अर्धी गोळी. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, घेणाऱ्यांची ही सवय बघून मी थकले आहे.

माझ्याकडे थेरपीला ठाण्याहून दादरला कामाला येणारी एक मुलगी होती. गर्दीत धडधड, हात गार, घाटकोपरलाच उतरून जायची. आम्ही पायऱ्या ठरवल्या: आधी दुपारच्या रिकाम्या गाडीत एक स्टेशन, मग दोन, शेवटी सकाळची फास्ट. वहीत सगळीकडे बरोबरच्या खुणा, पण भीती जागची हलेना. मग एकदा रुमाल काढताना पर्सच्या चेनच्या कप्प्यातून स्ट्रिप बाहेर आली. प्रत्येक प्रवासाआधी अर्धी गोळी!

धडधड वाढते आणि आपण काहीही न करता ओसरते, हे अंगात मुरावं म्हणून तर हा सराव असतो. गोळीने ती आधीच दाबली की श्रेय गोळीलाच जातं. न घेता नुसती जवळ बाळगली तरी बऱ्याचदा तेच होतं. तिच्या सायकिअ‍ॅट्रिस्टशी बोलले, त्यांनी गोळी हळूहळू कमी केली आणि आम्ही पुन्हा पहिल्या स्टेशनापासून सुरुवात केली. रोज घेणाऱ्यांनी ही गोळी स्वतःहून एकदम तोडू नका, फिट येऊ शकते.

तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी सगळ्या स्ट्रिप टेबलावर ठेवायला सांगते आणि डॉक्टरांशी बोलायची परवानगी लिहून घेते. थेरपिस्ट आणि डॉक्टर दोघांना एकमेकांचं माहीत नसेल तर उपचार अर्धेच होतात.

‘आठ दिवस झाले, फरक नाही’ म्हणून एस्सिटॅलोप्रॅम, म्हणजे अँक्झायटीवर रोज घ्यायची गोळी, सोडणारेही खूप. ही गोळी लागू पडायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात, सुरुवातीला बेचैनी उलट वाढूही शकते. धीर धरा, पण त्रास फार झाला तर डॉक्टरांना लगेच कळवा.

बरं वाटलं की बंद, ही त्याहून मोठी घाई. बरं वाटल्यावरही साधारण ६ ते १२ महिने औषध चालू ठेवतात. एकदम सोडलं तर चक्कर येते, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटतं, आणि आजार उलटला असं वाटून माणूस घाबरतो. डोस उतरवताना थेरपी चालू ठेवा, खरी गरज तेव्हाच असते.

अल्प्राझोलमवर दारू अजिबात नको. दमा असेल तर धडधड कमी करायला कुणी दिलेली प्रोप्रॅनोलॉल घेऊ नका. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर तर काहीच नको.

खर्चामुळे अडत असेल तर केईएम, नायर, सायन इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे.