डिनॉर्विकच्या स्लेटखाणीत फोटो काढताना या चुका टाळा

उत्तर वेल्समधल्या लॅनबेरिस गावातून तळ्यापलीकडे पाहिलं की एलिडिर डोंगराची अख्खी बाजू पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली दिसते. ही डिनॉर्विकची स्लेटखाण, म्हणजे पाटीच्या दगडाची खाण. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे मोठं काम सुरू झालं. ऐन भरात तीन हजारांवर माणसं राबत होती. १९६९ मध्ये खाण बंद पडली आणि २०२१ मध्ये वायव्य वेल्सच्या स्लेटप्रदेशाचा भाग म्हणून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. इतक्या विलक्षण जागेचे बरेचसे फोटो मात्र एकसारखे दिसतात.

फक्त गंज टिपणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. गंजलेलं चाक, तुटलेली साखळी, कोसळलेली भिंत असे क्लोजअप घेऊन लोक परततात. फोटोत यंत्र दिसतं, पण त्याचं काम कळत नाही. इथल्या रूळ टाकलेल्या उतारांचंच बघा. वरच्या टप्प्यावर दगडी घरात मोठा ड्रम, त्याला गुंडाळलेला दोर. भरलेल्या वाघिणी (मालाचे डबे) आपल्या वजनाने रुळांवरून खाली येत आणि त्याच ओढीने रिकाम्या वाघिणी वर चढत. इंजिनाची गरजच नव्हती. हे एकदा समजलं की नुसत्या ड्रमघराचा फोटो अपुरा वाटू लागतो. ड्रमघर आणि त्याखाली सुटणारी उताराची रेघ एकाच फ्रेममध्ये बसेल अशी जागा शोधा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे तळ्याच्या गावाकडच्या काठावर जाऊन टेली लेन्स (दूरचं जवळ आणणारी) लावणं. एकावर एक रचलेले टप्पे तिथून नीट दिसतात. फ्रेममध्ये एखादा चालणारा माणूस आला तर येऊ द्या, नाहीतर त्या कड्यांची उंची कळतच नाही.

आणि दगडाचे ढिगारे कापून टाकू नका. उपयोगी स्लेट काढताना तिच्या कितीतरी पट दगड वाया जाई. ते ढीग म्हणजेच त्या श्रमाचं मोजमाप.

दगड राखाडी आणि निर्जीव का येतो?

ओली स्लेट काळपट असते. फ्रेम तिने भरली की कॅमेरा तिला मध्यम राखाडी करायला बघतो, मग आकाश पांढरं फटक पडतं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) कमी करा. धुक्यात उलट घडतं, तिथे तेवढंच वाढवा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहून खात्री करा. स्लेटचा जांभळट रंग ऑटो व्हाइट बॅलन्समध्ये (कॅमेरा रंग आपोआप जुळवतो त्यात) बऱ्याचदा मारला जातो. म्हणून व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा आणि रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल घ्या. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) पूर्ण फिरवून सगळी चकाकी काढून टाकण्याची सवय इथे नडते, कारण दगडाचे पापुद्रे त्या चकाकीमुळेच उठून दिसतात. फिल्टर अर्धवट फिरवून थांबा.

अँगलसी बराकींत वाइड अँगल

खाणीतल्या, समोरासमोर दोन ओळींत बांधलेल्या या खोल्यांत अँगलसी बेटावरून येणारे कामगार आठवडाभर राहत आणि शनिवारी घरी जात. वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं. १९४८ मध्ये आरोग्य तपासणीनंतर त्या बंद झाल्या. आता छपरं गेली आहेत, भिंती आणि चुली उरल्या आहेत. मधल्या गल्लीत उभं राहून अगदी रुंद लेन्स वर रोखली की भिंती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. कॅमेरा सपाट धरा, मागे सरका, लेन्स ३५ मिमीच्या आसपास ठेवा. चुलीचा फोटो दारातूनच घ्या. भिंतीवर चढू नका.

कुंपणापलीकडे जाणं

खाणीतून सार्वजनिक पायवाट जाते आणि तिच्यावरून पुष्कळ काही दिसतं. कुंपण ओलांडून बोगद्यात किंवा कड्याखाली शिरणं जिवावर बेतू शकतं, कारण स्लेट न सांगता सुटते. ढिगाऱ्यावर ट्रायपॉडही टिकत नाही, तो पक्क्या वाटेवरच लावा. कुठे जुनं अवजार दिसलं तर चांगल्या फ्रेमसाठी ते हलवू नका. ज्याने ते ठेवलं त्याची ती जागा आहे.

वेळ आणि पाऊस

खाणीचं तोंड साधारण नैऋत्येला असल्यामुळे सकाळी बराच भाग सावलीत असतो, खरा प्रकाश दुपारनंतर मिळतो. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा उतरायची वेळ आधीच ठरवा.

सह्याद्रीच्या पावसात फोटो काढलेल्यांना इथला पाऊस सोपा वाटतो, पण तो वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि छत्री निकामी ठरते. वाऱ्याकडे पाठ करा, लेन्सहूड लावा, दोन-तीन कोरडी फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवा. परतल्यावर गरम खोलीत कॅमेरा लगेच बाहेर काढलात तर काचेवर बाष्प धरेल. बॅग बंदच ठेवून तासभर थांबा. मेमरी कार्ड हवं असेल तर ते बाहेर थंडीतच काढून घ्या.