व्हिएतनामी भाषेत गोड खाऊचे शब्द कसे शिकावे

पहिला दिवस एकाच शब्दाला द्या: ‘कॅओ’. गोळी, टॉफी, चिक्की या सगळ्यांना व्हिएतनामी माणूस ‘कॅओ’च म्हणतो.

१. आधी सूर पक्का करा. ही भाषा रोमन लिपीत लिहितात आणि अक्षरांवरच्या-खालच्या खुणा सूर दाखवतात. उत्तरेत सूर ६, दक्षिणेत ५. खूण नसलेला, सपाट ‘कॅओ’ म्हणजे डिंक. वर तिरपी रेघ आली की आवाज चढवायचा. मग अर्थ होतो कात्री, किंवा ओढणे. खाली टिंब असेल तर आवाज खाली नेऊन घशातच तोडायचा, तेव्हा कुठे गोळी मिळते! म्हणून वहीत शब्द देवनागरीत उतरवू नका, मूळ खुणांसकट लिहा. इथले माझे उच्चार फक्त अंदाजापुरते आहेत.

सरावाला ‘कॅओ कॅओ’ घ्या. पहिला टिंबाचा, दुसरा रेघेचा: ओढून लांबवलेली, शेंगदाणे घातलेली साखरेची गोळी. रस्त्यावर फेरीवाले विकतात.

२. शब्दांचा क्रम उलटा करा. आपण ‘नारळाची वडी’ म्हणतो. तिथे आधी वडी, मग नारळ: ‘कॅओ झुआ’. दक्षिणेत हाच ‘झुआ’ ‘युआ’ होतो. मेकाँगच्या खोऱ्यातल्या बेन त्रेची ही वडी प्रसिद्ध आहे. आतला पातळ तांदळाचा कागद काढू नका, तो खायचाच असतो. इथेही सूर सांभाळा: उतरत्या सुरात नारळ, चढत्या सुरात अननस.

३. प्रांताप्रमाणे जोड्या लिहा. शेंगदाणा उत्तरेत ‘लाक’, दक्षिणेत ‘डाउ फोंग’. त्यामुळे आपल्या चिक्कीची बहीण हनोईत ‘कॅओ लाक’, सायगावात ‘कॅओ डाउ फोंग’. ‘चॅ’ म्हणजे डाळी, फळं, नारळाचं दूध घातलेलं गोड पातळ पक्वान्न. उत्तरेत मात्र चहालाही ‘चॅ’ म्हणतात.

४. दुकानात बोला. साखर म्हणजे ‘डुअंग’ (रस्ता हा अर्थही याच शब्दाचा). ‘इत डुअंग’ म्हटलं की साखर कमी. बरणीकडे बोट दाखवून विचारा, ‘कॅओ नाय ला झी?’, ही कुठली गोळी? उत्तरात ‘कॅओ’च्या पुढे जो शब्द येईल, तो तिथेच दुकानदाराकडून खुणांसकट वहीत लिहून घ्या.