टायमिंग बेल्ट तुटलेली गाडी पहिल्यांदा हातात येते तेव्हा

आयटीआय संपवून गोव्यातल्या साखळी गावात एका गॅरेजात लागलो, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. ऐन पावसात चोर्ला घाटात बंद पडलेली एक डिझेल गाडी टोचन करून आणली. मी लगेच आत बसून सेल मारला. इंजिन फिरलं, पण अगदी हलकं आणि एकसुरी. मेस्त्री हातातलं काम टाकून धावत आले, चावी काढून घेतली. म्हणाले, "आवाज ऐक आधी. दाबच नाही आत."

तो आवाज ओळखायला शिका. पिस्टन वरखाली करणारा दांडा म्हणजे क्रँक, व्हॉल्व्ह (हवा-धुराची झाकणं) उघडणारा दांडा म्हणजे कॅम. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, हा मेळ टायमिंग बेल्ट सांभाळतो. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, उघडे व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून पिस्टन येऊन आदळतात. वाकलेला व्हॉल्व्ह मिटत नाही, म्हणून आत दाब धरत नाही. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर जागा जवळजवळ उरतच नाही. काही पेट्रोल इंजिनांत ती असते, तिथे नव्या बेल्टवर भागतं. पण मॅन्युअल बघितल्याशिवाय तसं धरून चालू नका. शंका आली की सेल मारायचा नाही. वरचं कव्हर काढून बेल्ट बघायचा.

डिझेलला नवा बेल्ट घालून नशीब अजमावणं मला पटत नाही. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, काढावंच. त्या गाडीचे आठपैकी पाच व्हॉल्व्ह वाकले होते. वाकलेला व्हॉल्व्ह ओढून काढला तर गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) खरवडतो, म्हणून मेस्त्रींनी ते कापून काढले. उरलेले तीन डोळ्यांना सरळ दिसत होते. त्यांच्या पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वाटेत, रॉकेल ओतलं, तर त्यातल्या एकाच्या कडेने पाझरलं.

पिस्टनवर चंद्रकोरीसारखे वण होते. इथे नवखे फसतात: वण पुसून हेड बसवतात. मेस्त्रींनी प्रत्येक पिस्टन पूर्ण वर आणून डायल गेजने (बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) उंची मोजली. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकलाय समजा. आमचे चारही सारखे निघाले.

जोडताना हेडचा सपाटपणा तपासला, गॅस्केट आणि हेडबोल्ट नवे घेतले. बेल्ट चढवण्याआधी क्रँक पाव फेरा मागे घेऊन चारही पिस्टन मधोमध आणले, म्हणजे कॅम फिरवताना काही आदळत नाही. मग क्रँक-कॅमच्या खुणा जुळवून बेल्ट चढवला आणि पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवला. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, परत खुणा बघायच्या.

मालक सारखा म्हणत होता, "गाडी फक्त त्रेचाळीस हजार चाललीय." मेस्त्रींनी विचारलं, "साल कुठलं?" नऊ वर्षं झाली होती. आपल्या गोव्यात पत्रादेवी ते पोळे, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, अंतर ते किती. इथे किलोमीटर भरत नाहीत, पण रबर वर्षांनीही म्हातारं होतं. कंपनी दोन्ही मर्यादा देते, जी आधी येईल ती पाळायची. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर बदला, बेल्टवर चालणारा वॉटर पंपही बदला. त्याचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही तुटतो.

तेव्हापासून बेल्ट बदलला की मी बॉनेटच्या आत स्टिकर लावतो. किलोमीटर खाली, तारीख वर, मोठ्या अक्षरांत.