ध्येय नेमकं अडतं कुठे? अडथळा शोधताना या चुका टाळा

खात्यांतर्गत परीक्षा द्यायची आहे, वजन उतरवायचं आहे, कर्ज फेडून हात मोकळा करायचा आहे, पेटी शिकायची राहून गेली आहे. मुंबईत कुणालाही विचारा, असं एखादं काम मनात असतंच. ते का झालं नाही याचं उत्तरही तयार असतं: वेळच मिळत नाही. माझं मत असं की बहुतेक कामं रखडतात ती अडथळा नीट न ओळखल्यामुळे. मग आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चालू राहतं.

‘वेळ नाही’वर थांबणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. माझ्या ओळखीच्या एक ताई डोंबिवलीहून फोर्टला ऑफिसला येतात. बढतीच्या परीक्षेचा अभ्यास त्यांना रात्री जेवणं आटोपल्यावर करायचा होता. तो होत नव्हता आणि त्या स्वतःला आळशी म्हणत होत्या. मी त्यांना एवढंच सुचवलं, की आठवडाभर अभ्यास झाला नाही तरी चालेल, पण ठरलेल्या वेळी काय घडलं ते वहीत लिहा. वहीत हे उतरलं:

‘सोमवार. ९:४० ला पुस्तक काढलं. टेबलावर मुलाचा प्रोजेक्ट पसरलेला. ठेवून दिलं.’
‘मंगळवार. बाहेर सासूबाईंची मालिका. आत मुलगा झोपलेला, दिवा लावता येईना.’
‘बुधवार. सोमवारसारखंच.’

वन रूम किचनमध्ये रात्री साडेनऊनंतर दिवा आणि टेबल एकत्र मिळतील अशी जागाच नव्हती. वेळ होता, जागा नव्हती. पहाटे चारचा गजर लावून हा प्रश्न सुटला नसता, कारण पहाटेही मुलगा त्याच खोलीत झोपलेला असणार. आता त्या आठवड्यातले तीन दिवस ऑफिस सुटल्यावर स्वतःच्याच टेबलावर तासभर बसतात आणि नंतरची गाडी पकडतात. त्या दिवशी कुकर नवरा लावतो. हे आपोआप झालं नाही. ‘मला जरा मदत करा’ असं म्हणून घरात काही हललं नव्हतं. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार मी साडेआठला येईन, भात आणि वरण तुम्ही लावा’ असं सांगितल्यावर हललं.

तुम्हीही आठवडाभर अशी नोंद ठेवा. कारणं लिहू नका, घडलं तेवढंच लिहा: किती वाजले होते, कुठे होतात, हातात काय होतं, शेजारी कोण होतं. एकच ओळ दोन-तीनदा आली की अडथळा सापडला असं समजा.

नुसतं यशाचं चित्र रंगवणं

‘आपण ते मिळवलंय अशी कल्पना करा’ हा सल्ला फार वाटला जातो. मला तो अर्धवट वाटतो. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1991 मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल असा भरवसा असणाऱ्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं. पण सडपातळ झाल्याची गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचं मात्र कमी उतरलं. म्हणून ओटिंगेन सांगतात, की इच्छेपाठोपाठ आपल्या आतला अडथळाही डोळ्यांसमोर आणा आणि त्यावर ‘जर-तर’चा बेत ठरवा. या जर-तर बेतांवर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी बराच अभ्यास केला आहे. बेत जितका नेमका तितका कामी येतो.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी सराव पावसाळ्यात सुरू करणाऱ्यांनी ‘रोज पळेन’ एवढंच ठरवून भागत नाही. ‘पहाटे पाऊस असेल, तर बिल्डिंगचे जिने पंधरा मिनिटं चढेन’ हे ठरलेलं असलं, की खिडकीशी उभं राहून स्वतःशी वाद घालावा लागत नाही.

सगळं सुरळीत होईल असं धरून चालणं

1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं. सरासरी अंदाज 34 दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात 55 च्या वर लागले. ‘सगळंच बिघडलं तर किती?’ या प्रश्नाचं उत्तरही 49 च्या आतच होतं. म्हणजे वाईटात वाईट धरूनही माणूस कमीच धरतो.

मुंबईकराकडे तर काय काय बिघडणार याची यादी आधीच असते. रविवारचा मेगाब्लॉक, जुलैतलं रुळांवरचं पाणी, गणपतीत पाहुणे, मार्च महिन्यात मुलांच्या परीक्षा. तरी वेळापत्रक आखताना आपण दर रविवारचे सहा तास अभ्यासाला देऊन मोकळे होतो. त्यापेक्षा मागच्या तीन महिन्यांत खरोखर किती तास निघाले ते बघा आणि तेवढेच धरा. आकडा लहान दिसेल, पण तो खरा असेल.

एक दिवस चुकला की सोडून देणं

यावर फार बोलायला नको. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयींचा मागोवा घेतला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं दिसलं, पण कुणाला 18 तर कुणाला 254 असाही अंदाज निघाला. एखादा दिवस हुकल्याने विशेष फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी पुन्हा बसा. ‘आता पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून’ हे वाक्य मात्र टाळा.

खऱ्या अडचणीला जिद्दीचा प्रश्न समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती बहुधा दुसऱ्याबद्दल बोलताना होते. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे, रात्रपाळी, थकलेली फी, स्वतःचं आजारपण. अशा माणसाला ‘इच्छा तिथे मार्ग’ ऐकवणं अन्याय आहे. वहीतल्या नोंदींमधून अडचण तुमच्या हाताबाहेरची निघाली, तर स्वतःला बोल लावू नका. ध्येय लहान करा किंवा पुढे ढकला. या वर्षी सहा पेपरऐवजी दोन द्या, जिमची फी परवडत नसेल तर शिवाजी पार्कला फेऱ्या मारा. आणि अडचणीचा जो भाग दुसऱ्या कुणी उचलू शकेल, तो नाव घेऊन मागा: ‘दादा, महिन्यातून दोन रविवार तू बाबांपाशी बसशील का?’ नाही म्हणाला, तर निदान बेत आखताना ते दोन रविवार धरू नयेत, एवढं तरी कळेल.