‘जरा गोळ्या द्या की’: प्रवासाला निघालेल्या पेशंटला सल्ला देताना या चुका टाळा

विट्यात दवाखाना चालवायचा म्हणजे अर्धा भारत समोरच्या स्टुलावर येऊन बसतो. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं देशभर पांगलेली. कुणाचं दुकान केरळात, कुणाचं बिहारात, कुणाचं थेट त्रिपुरात. यात्रेला, दिवाळीला गावी येतात आणि जाताना घरातलं एखादं पोरगं कामाला घेऊन जातात. निघायच्या आदल्या रात्री, मी शटर अर्धं ओढलं की हमखास कुणीतरी वाकून आत येतं. "डॉक्टर, उद्या निघायचंय. जरा गोळ्या द्या की."

आणि आपण देतो. तापाच्या, जुलाबाच्या, उलटीच्या. कुठं चाललाय, किती दिवस, झोपणार कुठं, काहीही न विचारता. नव्या डॉक्टरांना वाटतं प्रवासाचा सल्ला म्हणजे गोळ्यांची यादी. हल्ली तर ती यादी ट्रॅव्हलवाला व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि आमचे तरुण मित्र तिच्यावर सही करतात.

परत आलेल्याला काही न विचारणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलणार.

सव्वीस वर्षांचा पोरगा. मामाच्या दुकानावर त्रिपुरात असायचा, गावच्या यात्रेला आलेला. अंगात ताप, डोकं दुखतंय. पावसाळा संपत आला होता, रोज वीस-पंचवीस तापाचे पेशंट येत होते. मी पॅरासिटामॉल दिलं आणि रक्त तपासायला सांगितलं. प्लेटलेट 70 हजार आल्या. मनात लगेच डेंग्यू. त्याची तपासणी निगेटिव्ह आली, तर स्वतःचीच समजूत घातली की ऐन वेळेला सापडला नसेल. घरच्यांनी पपईच्या पानांचा रस सुरू केला. त्याला मी अडवलं नाही, तेही चुकलंच.

पाचव्या दिवशी त्याची आई घेऊन आली. पोराचे डोळे पिवळट, बोलणं तुटक. लघवी कशी होते विचारलं तर म्हणाली, "कोऱ्या चहासारखी हुतीया." आणि मग सहज बोलल्यासारखं, "तिकडं डासाचं लई हाय म्हनं. ह्यो मच्छरदानी बांधून घ्यायचा कटाळा करतुय."

तिकडं म्हणजे कुठं, हा प्रश्न मी पाच दिवसांत विचारला नव्हता. केसपेपरवर पत्ता गावचा, तेवढ्यावर मी चाललो होतो. त्याला येऊन अठरा दिवस झाले होते. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून केलेल्या तपासणीत, फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार निघाला. मिरजेला अतिदक्षता विभागात आठ दिवस काढले, मूत्रपिंडं थोडक्यात वाचली. आज तो धडधाकट आहे, भेटला की पाया पडतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

यातलं वैद्यकशास्त्र काही अवघड नाही. डेंग्यू डास चावल्यापासून साधारण चार ते दहा दिवसांत दिसतो. फाल्सिपेरम एका आठवड्यापासून महिन्यापर्यंत, कधी त्याहून उशिरा. व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार तर यकृतात दडी मारून महिन्यांनी डोकं वर काढतो. प्लेटलेट दोन्हींत घसरतात. म्हणून मलेरियाच्या भागातून आलेल्याचा ताप हा तपासून नाही ठरेपर्यंत मलेरियाच. पहिलं झटपट तपासणीचं किट किंवा स्मिअर निगेटिव्ह आलं म्हणून हात झटकायचे नाहीत. बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, असं एकूण तीनदा बघायचं. आणि राज्य विचारायचं ते नुसतं निदानासाठी नाही. 2013च्या राष्ट्रीय औषध धोरणानं ईशान्येकडच्या राज्यांसाठी फाल्सिपेरमची गोळीच वेगळी ठरवली, कारण इतरत्र चालणाऱ्या जोडगोळीतल्या सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनला तिकडचा परजीवी दाद देईना. ‘कुठून आलास’ हा असा उपचाराचाही प्रश्न आहे.

त्या प्रकरणानंतर मी एक रबरी शिक्का करून घेतला. ‘गेल्या वर्षभरात कुठे राहिला?’ आणि पुढं रिकामी रेघ. तापाच्या प्रत्येक केसपेपरवर कंपाउंडर तो निळ्या शाईत उमटवतो. रेघ कोरी असेल तर मी पेशंटला आत घेत नाही. कुणी म्हणतं संगणकात टाका. टाका की. पण संगणकातली रिकामी चौकट मला पुढं जाऊ देते, हा शिक्का देत नाही.

"हेलिकॉप्टरनं जातोय, चालायचंच नाही"

चारधामचा हंगाम आला की हे वाक्य दिवसाला एकदा तरी ऐकतो. बीपी, शुगर, पासष्ट वय, आणि सुनेनं हेलिकॉप्टरचं बुकिंग केलंय म्हणून निर्धास्त. आमचे लोकही मान डोलावतात, ‘चालायचं नाही ना, मग जा’.

अहो, त्रास चालण्यानं वाढतो, पण होतो उंचीनं. कळसूबाई, आपल्या राज्याचं सर्वांत उंच टोक, 1,646 मीटर. केदारनाथ साधारण 3,580. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवूनही वर उरतंच. चालत जाणाऱ्याला निदान काही तास मिळतात. हेलिकॉप्टर दहा-पंधरा मिनिटांत तिथं नेऊन ठेवतं, शरीराला कळतही नाही काय झालं. "महाबळेश्वरला काय झालं नव्हतं" असं एक तात्या मला सांगत होते. तात्या, महाबळेश्वर जेमतेम चौदाशे मीटर.

माझी पद्धत साधी आहे. वर मुक्काम करायचा हट्ट असेल तर आधी खालच्या टप्प्यावर एक-दोन रात्री काढा. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त चढवायची नाही. ते जमणारच नसेल तर ॲसिटाझोलामाइड ही उंचीचा त्रास टाळायची गोळी, 125 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढायच्या आदल्या दिवसापासून. देण्याआधी सल्फाची ॲलर्जी आणि मूत्रपिंडाचा त्रास विचारायचा. लघवी जास्त होईल, बोटांना मुंग्या येतील, हेही आधीच सांगायचं, नाहीतर दुसऱ्याच दिवशी गोळी बंद होते. आणि घरच्यांना एकच वाक्य पाठ करायला लावतो: डोकं दुखून उलटी, झोक जाणं किंवा बसल्या जागी धाप, यातलं काहीही झालं की खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही. झोपेची गोळी तर मुळीच नाही.

कापराची पुडी हुंगून ऑक्सिजन वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं एवढंच. बाळगायची तर बाळगा, पण तिच्या जिवावर उतरायला उशीर करू नका.

पिवळ्या तापाची लस शेवटच्या आठवड्यात आठवणं

आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी ही लागते, आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. पाच दिवसांवर तिकीट असताना माझ्याकडं येऊन काही होत नाही. ही लस ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते, मी देऊ शकत नाही. जुलै 2016पासून प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, दहा वर्षांनी पुन्हा टोचायची गरज नाही. मात्र अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर आधी बोला.

बाकीच्या, थोडक्यात

मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिन दिली तर परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची. विमान उतरलं की गोळी बंद, असं दहातले आठ करतात, कारण आपण हे तोंडानं सांगितलेलं नसतं. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते.

जुलाबाला सिप्रो या अँटिबायोटिकची पट्टी देणं बंद करा. ओआरएसच्या पुड्या द्या आणि एक लिटर म्हणजे नेमकं किती, ते बाटली हातात घेऊन दाखवा.

इन्सुलिन विमानाच्या मोठ्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं, ‘वितळल्यावर चालेल’ नाही.

वृंदावनला माकडानं किंवा कुठंही कुत्र्यानं ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस. ‘गावी गेल्यावर बघू’ नाही. हळद-चुना तर नाहीच.

दुबईला निघालेल्याच्या पिशवीत ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी किंवा कोडीनवाली खोकल्याची बाटली आहे का, स्वतः बघा. तिथं ही नियंत्रित औषधं आहेत, आधी परवानगी लागते. खसखसही चालत नाही. परवा एका मावशींनी लेकीसाठी बांधलेल्या अनारशांचा डबा मी माझ्याच टेबलावर उघडायला लावला. दोन-चार शिव्या बसल्या, अनारसे मात्र दवाखान्यातच राहिले.