वाय-फाय लावताना या चुका टाळा

राउटर बसवला, मोबाइलवर नेट आलं, की हमखास एक वाक्य कानावर येतं: "चालू झालं ना? मग झालं तर!" माझी निम्मी कामं या 'झालं तर'मधूनच निघतात. नेट चालू व्हायला पाच मिनिटं लागतात. ते नीट बंदिस्त करायला आणखी वीस. ती वीस मिनिटं थांबायला कुणी तयार नसतं.

"पासवर्ड बदललाय हो आम्ही." कुठला? राउटरला दोन पासवर्ड असतात. एक मोबाइल जोडताना विचारतात तो, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' तसाच ठेवतात. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कंपनीतून आलेल्या अशाच साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. अक्कल लढवायची वेळच आली नाही, कारण दारं उघडीच होती. सेटिंगमध्ये शिरलेला माणूस डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून तुमचं ब्राउझिंग त्याला हवं तिकडे वळवू शकतो. म्हणून मी राउटर खोक्यातून काढला की नेटची वायर लावायच्या आधी हा पासवर्ड बदलतो, आणि बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय चालू असेल तर बंद करतो.

आता वाय-फायचा पासवर्ड. लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र असं असतं की कुणीतरी दाराबाहेर उभा राहून एकेक पासवर्ड टाकून पाहणार, आणि दहा वेळा चुकला की कंटाळून जाणार. तसं होत नाही. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत मोबाइल जोडला जाताना राउटर आणि मोबाइल यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. जवळपास बसलेला माणूस ती हवेतून टिपतो आणि घरी नेऊन निवांत फोडत बसतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर सेकंदाला लाखो पासवर्ड तपासून होतात, आणि तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही नसतो. आता बऱ्याच जणांचा लाडका पासवर्ड घ्या: स्वतःचा मोबाइल नंबर. दहा आकडे. सेकंदाला दहा लाख धरले तर सगळ्याच्या सगळ्या शक्यता तीन तासांच्या आत संपतात. "पण माझा नंबर कुणाला माहीत आहे?" हा प्रश्नच इथे गैरलागू आहे.

पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत चालतो, मग आठावर का अडायचं? मी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले पाच शब्द घेतो. टाइप करायला सोपे, फोडायला महाकठीण. नेटवर्कचं कंपनीने दिलेलं नावही बदलतो, कारण पासवर्डवरून माहिती कुलूपबंद करायची किल्ली तयार करताना ते नाव हिशेबात धरलेलं असतं आणि नेहमीच्या नावांसाठी अशा किल्ल्यांची आधीच करून ठेवलेली कोष्टकं फिरत असतात. राउटरमध्ये डब्ल्यूपीए३ ही त्यापुढची पद्धत असेल तर तीच लावा. २०१८ साली आलेल्या या पद्धतीत घरी नेऊन फोडायची सोयच उरत नाही.

नेटवर्कचं नाव लपवून सुरक्षा होत नाही. उपकरण जोडलं जाताना ते नाव उघडपणे हवेत जातंच. मॅक पत्त्यांची, म्हणजे उपकरणांच्या ओळख-क्रमांकांची, यादी करून तेवढ्यांनाच आत घेणं त्याहून वेळखाऊ आणि तितकंच कुचकामी.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिन वापरून जोडायची सोय, बंद करा. आठ आकडी पिन दिसायला दणकट वाटतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे प्रत्यक्षात जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्येच जगजाहीर झालं, तरी "बटण दाबलं की जोडलं जातं, किती छान" हे कौतुक काही संपत नाही.

आणि ऑफिसातला माझा सगळ्यात दुखरा विषय. एकदा फोन आला: निम्म्या लोकांना सकाळपासून नेट नाही, निम्म्यांचं व्यवस्थित चालू. राउटर दोनदा बंद-चालू करून झाला होता, तेवढा एक उपाय सगळ्यांना येतो. अडलेल्या एका कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे राउटरने त्याला वाटून दिलेला नेटवर्कमधला पत्ता, पाहिला तर १९२.१६८.० ने सुरू होणारा. त्या ऑफिसातले सगळे पत्ते १० ने सुरू होतात. म्हणजे आत कुणीतरी दुसराच पत्ते वाटत बसला होता. त्या कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या गेटवेचा, म्हणजे नेटकडे जायच्या दाराचा, मॅक पत्ता घेतला, सगळ्या वायरी जिथे जुळतात त्या स्विचवर तो कुठल्या पोर्टला आहे ते शोधलं आणि वायर धरून निघालो. ती अकाउंट्सच्या टेबलाखाली, कागदाच्या रिमांमागे, एका छोट्या राउटरला जाऊन भिडली.

तिथे बसणारे काका शांतपणे म्हणाले, "इथे रेंज येत नव्हती. घरी जुना पडून होता, आणला."

ऑफिसची वायर त्यांनी लॅन, म्हणजे आतल्या उपकरणांसाठीच्या, पोर्टात खोचली होती, म्हणून ते डबडं सगळ्यांना पत्ते वाटत सुटलं आणि सापडलं. शेजारच्या वॅन, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या, पोर्टात खोचली असती तर नेट सुरळीत चाललं असतं आणि वर्षभर कुणाला कळलं नसतं. पासवर्ड? नव्हताच. "सारखा टाइप करायचा कंटाळा येतो हो." मी लॅपटॉप घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो. रेंजच्या दोन कांड्या, आणि अकाउंट्सचं शेअर्ड फोल्डर तिथून उघडलं.

दोष एकट्या काकांचा नाही. रेंजची तक्रार त्यांनी तीनदा केली होती आणि तिन्ही वेळा "बघतो" एवढंच उत्तर मिळालं होतं. तेव्हापासून रेंजची तक्रार मी सुरक्षेच्याच खात्यात टाकतो. महिन्यातून एकदा मोबाइल हातात धरून सगळे मजले फिरतो आणि अनोळखी नाव दिसलं की त्याचा माग काढतो. स्विचचे रिकामे पोर्ट बंद ठेवतो.

ऑफिसात सगळ्यांना मिळून एक पासवर्ड असेल तर माणूस नोकरी सोडताना तोही बरोबर घेऊन जातो. वीस-पंचवीस माणसांच्या पुढे गेलात की प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देणारी ८०२.१एक्सची व्यवस्था करा, आणि ती करताना मोबाइलवर सर्टिफिकेट तपासणी, म्हणजे समोरचं नेटवर्क खरंच आपलं आहे ना याची खातरजमा, 'नको' करून ठेवू नका. तसं केलंत तर कुणीही त्याच नावाचं खोटं नेटवर्क उभारून लॉगिन गोळा करेल.

एका जुन्या स्कॅनरसाठी सगळं नेटवर्क डब्ल्यूईपी या वाय-फायच्या पहिल्यावहिल्या सुरक्षेवर ठेवणारेही भेटतात. ते २००१ सालीच फोडून दाखवलं गेलं. टीजेएक्स या अमेरिकी दुकानसाखळीत चोर असल्याच कमकुवत वाय-फायमधून शिरले आणि किमान ४.५७ कोटी कार्डांची माहिती गेल्याचं २००७ मध्ये उघड झालं. स्कॅनर बदला.

पाहुणे, टीव्ही, कॅमेरे सगळे गेस्ट, म्हणजे मुख्य नेटवर्कपासून वेगळ्या ठेवलेल्या, नेटवर्कवर. तिथून प्रिंटर दिसत नाही अशी तक्रार येणारच, येऊ द्या.

राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करत जा. शेवटचं कधी केलं ते लक्षात राहत नाही, म्हणून मी राउटरच्या तळाला चिकटपट्टी लावून तारीख लिहितो. एका ठिकाणी सहा महिन्यांनी गेलो आणि राउटर उलटा केला, तर माझ्या तारखेखाली कुणीतरी ठळक अक्षरांत दोन्ही पासवर्ड लिहून ठेवले होते.